लहमा शब्दाचे कुळ

श्री अन्नदात्यास दंडवत. शके सोळाशे चौऱ्याहत्तर, अंगिरानाम संवत्सरी, चैत्र मासी समुद्रकाठच्या एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे जे, कारभारी विसाजीपंत यांणी हुकूम काढिला की ज्या शब्दाचे कुळ ठाऊक नाही तो राज्यात बोलू नये. मग शनवारी घाणा बंद ठेवणारे जे तेली, त्यांच्या सणाचा ‘लहमा’ हा शब्द अडकला. लहमा म्हणजे भाकरी. पूर्वजांचे गलबत फुटले, चीजवस्त बुडाली, आणि हा शब्द तेवढा तोंडी वाचला. तोही गेला तर सण मुका होईल, या घोराने त्यांचे शास्त्री एलोजी यांस अन्न गोड लागेना. मग ते दरबारी दाखल जाहले.

सरकार गादीवर विराजमान, दिवस दुष्काळाचे, अर्जदारांची रांग महाद्वारी बसलेली. पंतांनी पुसिले, "या शब्दाचा बाप कोण?" एलोजी बोलिले, "समुद्रापलीकडची अरामी भाषा, सरकार. ल, ह, म या तीन व्यंजनांचे घराणे. आमच्या पोथ्यांच्या इब्री भाषेत लेहेम, तीही भाकरीच." पंत हसले, "आणि अरबीत लह्म म्हणजे मांस! एका घरी दोन चुली?" दरबार खदखदला. परंतु एलोजी गडी डगमगला नाही. "ज्याची भूक ज्याने भागली, त्यास त्याने ते नाव दिले, ऐसे जाणते म्हणतात. आणि शेवटचा ‘आ’ पाहावा. पूर्वी तो ‘तीच ती भाकरी’ ऐसे बोट दाखवी, मग अरामीच्या पूर्वेकडील बोलीत ते बोट गळाले आणि ‘आ’ तेवढा चिकटून राहिला." काय ती वाणी! सरकार पुढे सरकून ऐकू लागले, आणि एलोजी रंगात येऊन, उच्चार दाखवावा म्हणोन गर्जले, "लहमा!"

येथेच शास्त्रीबुवा चुकले. तेल्यांची चाल ऐसी की उघड्या दारी हा शब्द पुकारिला म्हणजे ऐकेल त्याने आत यावे आणि जेवावे, आणि हे आसपासच्या गावांस ठाऊक. महाद्वार सताड उघडे. रांग उठली, आत आली आणि पंगत धरून बसली. चोपदार धावले. पंत कडाडले, "हा काय आगाऊपणा?" एक म्हातारी बोलली, "दार उघरा हाय, सबूद कानान परला, म्हनून आयलाव. मंग, जेवान कवा?"

एलोजी पेचात पडले. चुकून बोलिलो म्हणावे तर शब्द खोटा पडतो, न म्हणावे तर सरकारच्या घरी परक्याने आवतण दिले. मग त्यांनी पागोटे उतरून हात जोडिले, "शब्द मी बोलिलो, सरकार. शिक्षा मजला करावी, यांस उठवू नये." सरकार उठले, मुदपाकखाना उघडविला आणि भाकऱ्यांची परात पंतांच्या हाती दिली. जेवणे चालली असता सरकार बोलिले, "शास्त्रीबुवा, व्याकरण अर्धे राहिले. पुढे सांगावे." एलोजींचे डोळे भरून आले.

"पुढे काय सांगू, सरकार? शब्द कामास लागला."

सारांश, हुकूम फिरला, लहमा राज्यात राहिला, आणि विसाजीपंत दुसऱ्यांदा वाढावयास आले ते कोणी न सांगता आले. इति वर्तमान, ऐकणाराचे पोट भरलेले असो.