पंढरी घाडीने ठेवलेला परदेशी माणूस

एजंटचे अठरा हजार वाचवायचे, असं पंढरी घाडीने ठरवलं आणि तिथेच सगळं फिसकटलं.

साल त्र्याण्णव. डोंबिवलीच्या एमआयडीसीत वाघुलेशेठचा बाटल्यांची बुचं बनवायचा कारखाना होता आणि पंढरी तिथे बारा वर्षं क्लार्क होता. शेठनी चेक लोकांच्या देशातून एक जुनं मशीन स्वस्तात घेतलं. मशीन आलं आणि मागोमाग पत्र आलं: मशीन बसवायला आमचा माणूस येईल, रोजचे दीडशे डॉलर, विमानाचं तिकीट, राहणं, जेवण आणि कामाचा व्हिसा, सगळं तुमच्याकडे.

शेठनी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "हा एक माणूस येतोय की लग्नाचं वऱ्हाड?" त्यांनी विचारलं.

त्यात व्हिसाचे नुसते कागद करायचे एजंटने अठरा हजार सांगितले. (पंढरीचा पगार महिना सव्वीसशे. अठरा हजार हा आकडा त्याने फक्त लॉटरीच्या तिकिटावर पाहिलेला.)

"शेठ, फॉर्म मी भरतो," तो म्हणाला. "आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांची रेशनकार्डं मीच केलीत. आणि हॉटेल कशाला? आमची बाहेरची खोली आहे की."

शेठना इतकं भरून आलं, की त्यांनी पंढरीसाठी आख्खा चहा मागवला. एरवी कटिंग यायचा.

फॉर्म इंग्रजीत होता आणि शेठ लग्नासाठी नाशिकला गेले होते. 'एम्प्लॉयी' आणि 'एम्प्लॉयर' हे दोन शब्द पंढरीला शाळेपासून जुळ्या भावांसारखे वाटत. एम्प्लॉयी म्हणजे येणारा माणूस, हे त्याने बरोबर ओळखलं. मग एम्प्लॉयर म्हणजे त्याचं सगळं बघणारा. बघणार कोण? आपण. त्याने सुंदर अक्षरात लिहिलं: पंढरी सोनू घाडी. कामाचा पत्ता? कारखान्यात टपाल गहाळ होतं, म्हणून घरचा, विठ्ठलवाडीचा. खाली सही ठोकली.

महिन्याभराने व्हिसा झाला आणि माणूस आला. नाव कुबात. वय पंचावन्न, दाराएवढा रुंद, हातात लोखंडी पेटी. पंढरीच्या बायकोने, सुमतीने, घाबरत घाबरत बांगड्याचं तिखलं वाढलं. कुबातने पाच बांगडे खाल्ले, डोळे पुसले आणि सहावा मागितला.

दुसऱ्या दिवशी पंढरी त्याला नोंदणीसाठी ठाण्याला पोलिसांकडे घेऊन गेला. साहेबांनी कागद वाचले, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचले.

"पंढरी घाडी कोण?"

"मीच साहेब."

"काय फॅक्टरी आहे तुमची?"

"माझी कसली? मी क्लार्क आहे."

"इथे मालक तुम्ही आहात. याचा पगार, टॅक्स, परतीचं तिकीट, सगळी जबाबदारी तुमची. यांनी काम फक्त तुमच्याकडे करायचं, या पत्त्यावर. विठ्ठलवाडी, दुसरा मजला, खोली नंबर अकरा."

"पण साहेब, मशीन डोंबिवलीला आहे."

"मशीनला यांनी हात लावला तर यांना परत पाठवीन. तुम्हाला कुठे पाठवायचं ते मग बघू. दुरुस्तीचा अर्ज करा. वेळ लागेल."

पंढरीच्या कानात शिट्टी वाजायला लागली. कुबातने त्याला धरून बाकावर बसवलं आणि रुमालाने वारा घातला. मालकाची एवढी काळजी घेणारा नोकर ठाण्यात दुसरा नसेल.

संध्याकाळी शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पंढरीला त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटली.

"छान झालं," शेठ म्हणाले. "मालक तू, तर पैसे तू दे."

दीडशे डॉलर म्हणजे चार हजार सहाशे पन्नास रुपये. रोज. पंढरीने घरी जाताना हिशेब केला. कुबात सकाळी उठून दात घासून चहा पिईपर्यंत पंढरीचा महिन्याचा अर्धा पगार संपत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी कुबात बाहेरच्या खोलीत घोरत पडला, तेव्हा पंढरी दारात उभा राहून ते महागडं घोरणं ऐकत राहिला.

"तो नुसता झोपून कशाला राहतो?" सुमतीने विचारलं. "इथे काम करायला तर परवानगी आहे ना?"

तिने त्याच्यापुढे मिक्सर ठेवला. रिकामा बसून कंटाळलेल्या कुबातला आनंद झाला. मिक्सर झाला, मग गळका नळ, मग करकरणारा पंखा. शेजारच्या विमलाबाई शिलाई मशीन घेऊन आल्या. पंढरीने त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं आणि दार लावलं, कारण उंबऱ्याबाहेर कुबातने पाना उचलला असता तर तो गुन्हा होता.

विमलाबाईंचं मशीन चालू झालं आणि सुमतीच्या डोक्यात ती गोष्ट आली, जी पंढरीला सहा दिवसांत सुचली नव्हती.

"बाईंचं मशीन इथे आलं, तसं शेठचं आणा की."

"तीन टनांचं आहे ते."

"मग तुकडे आणा."

कारखान्याचा फिटर धोंडिबा दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आला. मशीनचं कंट्रोल पॅनल चार हमालांनी दोन मजले चढवलं आणि सुमतीच्या ओट्यावर ठेवलं. गॅस गॅलरीत गेला. कुबात वायरी जोडायचा, हातवारे करून धोंडिबाला समजवायचा. धोंडिबा कागदावर चित्रं काढून घ्यायचा आणि कारखान्यात जाऊन तसंच करायचा. दोघांची भाषा एक नव्हती. पण पंढरी मध्ये पडून भाषांतर करायला लागला, की मात्र चूक व्हायची.

तिसऱ्या दिवशी कुबातने पॅनल चालू करून बघितलं. मोठा आवाज झाला, निळा उजेड पडला आणि चारही मजल्यांची वीज गेली. जिन्यात माणसं जमली. कोणाचा टीव्ही गेलेला, कोणाचा फ्रिज. सगळ्यांना शांत करता करता पंढरीचा घसा बसला. मग कुबातने ते फ्रिज आणि टीव्हीही दुरुस्त केले. अर्थात खोली नंबर अकरामध्ये. पंढरी कुटुंबासह दोन रात्री गॅलरीत झोपला.

पण बाराव्या दिवशी कारखान्यात धोंडिबाने बटण दाबलं आणि मशीनमधून बुचं पडायला लागली. कुबातने मशीनला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. शेठ विरघळले. कुबातचे पैसे आणि तिकीट त्यांनी दिलं. बिल्डिंगच्या मीटरची भरपाई आणि टेम्पोचं भाडं तेवढं पंढरीच्या बोनसमधून कापलं. निघताना कुबातने पंढरीला मिठी मारून "गुड बॉस" म्हटलं, तेव्हा शेठ दुसरीकडे बघत होते.

व्हिसातली चूक दुरुस्त झाल्याचं पत्र त्यानंतर पाच आठवड्यांनी आलं. आणि त्याच्याही नंतर इन्कम टॅक्सची नोटीस आली. आपण घरी परदेशी तंत्रज्ञ नोकरीस ठेवल्याचे समजते, तरी उत्पन्नाचा स्रोत सादर करावा.

पंढरी दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी बारा वर्षांच्या पगाराच्या स्लिपा पिशवीत भरून तो ऑफिसात गेला. तिथल्या साहेबांनी पहिली स्लिप बघितली, पंढरीच्या चपलांकडे बघितलं आणि बाकीची पिशवी न उघडताच शेरा मारला.

पंढरीने शेऱ्याची नक्कल मागून घेतली. सुटका झाल्याचा सरकारी कागद होता तो. घरी आल्या आल्या त्याने सुमतीला मोठ्याने वाचून दाखवला : 'सदर इसमाची परदेशी माणूस नोकरीस ठेवण्याची ऐपत नाही. फाइल बंद.'

सुमतीने कागद हातात घेतला, परत एकदा वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"यात 'परदेशी' उगाच घातलंय," ती म्हणाली.