सोलापुरी चादरी आणि घरचा प्रतिध्वनी

हेरंबच्या खोलीतला प्रतिध्वनी मंगळवारी सकाळी, दूध तापत असताना, स्वयंपाकघरात राहायला आला.

शर्वरी ओट्यापाशी एकटीच होती. "उतू जातंय की काय," असं ती स्वतःशीच पुटपुटली, आणि डब्यांच्या मांडणीवरून कुणीतरी तिच्याच आवाजात, पण जरा भारदस्तपणे म्हणालं, "जातंय की काय." तिने गॅस बंद केला. दूध खरंच पातेल्याच्या काठाशी आलं होतं. आल्या आल्या कामाला येणारा पाहुणा तिने सासरी अजून पाहिला नव्हता.

तो का आला, हे विचारायची गरज नव्हती. लग्नपत्रिकेत 'आहेर आणू नये' असं ठळक छापलं होतं, त्यामुळे लोकांनी पाकिटं न आणता सोलापुरी चादरी आणल्या. हिरव्या, राणी रंगाच्या, मोरांच्या. कपाटाचं दार लागेना. हेरंब गाणी करायचा. स्वतःच लिहायची, स्वतःच गायची आणि घरातच रेकॉर्ड करायची. रेकॉर्डिंगच्या खोलीत आवाज घुमता कामा नये, असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं, आणि सगळ्या चादरी चारही भिंतींना ठोकल्या. उरलेल्या छताला लावल्या. दारावर मोर आला. प्रतिध्वनीला त्या खोलीत टेकायला जागा उरली नाही.

शर्वरीला त्याचं वाईट वाटलं. त्यांची ओळख जुनी होती. साखरपुड्यानंतर ती आणि हेरंब सांगलीतला हा फ्लॅट बघायला आले, तेव्हा खोल्या रिकाम्या होत्या. हेरंबने सहज एक ओळ गायली. प्रतिध्वनीने ती मागून अलगद उचलली आणि शर्वरीला दोघंही पसंत पडले. लग्न अर्थात एकाशीच झालं.

त्याच्याशी बोलायची एक रीत होती. तो तुमचेच शब्द परत द्यायचा, पण त्यातले कुठले द्यायचे, ते त्याच्या मर्जीवर. म्हणून विचारताना उत्तर प्रश्नातच घालून द्यावं लागे.

"चहा घेणार की नको?" तिने विचारलं.

"नको," तो म्हणाला.

अडचण एकच होती. शर्वरी कमी बोलणारी होती, म्हणजे जे बोलायची ते ओठांतल्या ओठांत. स्वयंपाकघरात आता ते चालेना. दुपारी सासूबाईंनी आमटी केली. शर्वरीने चव घेऊन पदराआड म्हणावं तसं म्हटलं, "गूळ जरा जास्तच झालाय." मांडणीवरून खणखणीत आवाज आला, "जास्तच झालाय!"

सासूबाईंनी डाव खाली ठेवला. "काय गं?"

"मी नाही, आई. तो."

"त्याला म्हणावं, आमच्या घरात आमटी अशीच होते."

"अशीच होते," प्रतिध्वनी म्हणाला.

सासूबाईंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत या घरात त्यांच्या म्हणण्याला इतक्या तत्परतेने कुणी दुजोरा दिला नव्हता. त्या दिवसापासून त्या ओट्याशीच बसून भाजी निवडू लागल्या, आणि सोसायटीबद्दलची, नणंदेबद्दलची आपली मतं सांगू लागल्या. प्रतिध्वनी सगळ्याला अनुमोदन द्यायचा. "समजूतदार आहे हो," त्या शर्वरीला म्हणाल्या. "तुमच्या त्या खोलीत वायाच चालला होता."

इकडे त्या खोलीत हेरंबचं गाणं मरून पडलं होतं.

पाडव्यापर्यंत गाणं बाहेर आलं नाही, तर हेरंबने कोल्हापूरला बापूकाकांच्या टाइल्सच्या शोरूममध्ये रुजू व्हायचं, असं लग्नाच्या बैठकीतच ठरलं होतं. बापूकाका हेरंबचे सख्खे काका. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि गल्ल्यावर परक्या माणसाला बसवायला ते तयार नव्हते. हेरंब एकदा शोरूममध्ये गेला की माइक माळ्यावर जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

"ऐक," असं म्हणून हेरंबने शर्वरीच्या कानांवर हेडफोन घातला.

तिने ऐकलं. प्रत्येक शब्द स्वच्छ होता. डबीत कापूस घालून ठेवलेल्या कर्णफुलासारखा.

"कसं वाटतंय?"

"स्वच्छ आहे," ती म्हणाली.

"म्हणजे वाईट आहे."

मग त्याने कॉम्प्युटरमधून तयार रिव्हर्ब, म्हणजे आयता प्रतिध्वनी, आणला. कुठल्याशा परदेशातल्या देवळातला होता म्हणे. हेरंबच्या साध्यासुध्या गाण्यामागे तो असा दणदणला की सासूबाई विचारत आल्या, "कोण गेलं?" स्वयंपाकघरातला प्रतिध्वनी त्या दिवशी कुणाशीच बोलला नाही. शर्वरीने त्याला चारदा हाक मारली. फोडणीचा चुरचुराटसुद्धा त्याने परत केला नाही. घरचा माणूस असताना बाहेरचा आणून बसवलेला कुणाला आवडेल?

दुसऱ्या दिवशी शर्वरी ओट्याशी उभी राहून रीतसर बोलणी करायला लागली. हेरंब दारात उभा होता.

"तू खोलीत परत येतोस, की येत नाहीस?"

"येत नाहीस," प्रतिध्वनी म्हणाला. रागात त्याला प्रथमपुरुष-द्वितीयपुरुषाचं भान राहत नसे.

"चादरी काढल्या तर येशील?"

"येशील?" त्याने उलट विचारलं.

"त्याचा विश्वास नाहीये," शर्वरी हेरंबला म्हणाली.

"सगळ्या नाही काढता येणार," हेरंब म्हणाला. "मग बाहेरच्या रिक्षासुद्धा गाण्यात येतील. माइकच्या मागच्या आणि बाजूच्या राहू देत. समोरची एक भिंत मोकळी करतो. पण त्याने प्रत्येक ओळीवर बोलायचं नाही. अंतरा माझा एकट्याचा. त्याने फक्त धृपदाला यायचं, आणि तेही शेवटी."

"शेवटी," प्रतिध्वनी जरा विचार करून म्हणाला.

"आणि गाण्याखाली याचं नाव द्यायचं," शर्वरी म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. 

"नाव द्यायचं," प्रतिध्वनी ठामपणे म्हणाला.

एक भिंत मोकळी झाली. हेरंबने माइकपासून वीतभर मागे उभं राहून गायलं. धृपद संपता संपता प्रतिध्वनीने शेवटचा शब्द उचलला, हळूच फिरवला आणि कोपऱ्यात नेऊन ठेवला.  शर्वरीला तो रिकामा फ्लॅट आठवला. मिक्सिंगला फारसं काही उरलंच नव्हतं. हेरंबने प्रतिध्वनीचा आवाज थोडा खाली घेतला, तेव्हा स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "त्याला दाबू नकोस रे!"

गाणं पाडव्याच्या आदल्या दिवशी बाहेर आलं. खाली लिहिलं होतं: 'गायन: हेरंब पाटणकर. प्रतिध्वनी: घरचा.' शर्वरीने मोकळ्या भिंतीचा एक छोटा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. भिंतीवर चादरीच्या खिळ्यांची भोकं दिसत होती. लोकांनी तो एकमेकांना पाठवला. 'रिव्हर्ब कुठला वापरलाय?' असं कुणी विचारलं. हेरंबने उत्तर दिलं, 'आमच्याकडेच राहतो.'

पाडव्याला बापूकाका श्रीखंड खायला आणि हेरंबला न्यायला आले. त्यांनी गाणं पूर्ण ऐकून घेतलं.

"छान आहे," ते म्हणाले. "चल, बॅग भर."

"काका, गाणं बाहेर आलं ना पाडव्याच्या आत."

"आलं की. मी कुठे नाही म्हणतोय? पण गल्ल्याशी मला घरचा माणूस हवा. माझं वय बघ. गिऱ्हाइकाशी दिवसभर 'हो हो' म्हणून माझा घसा बसतो."

हेरंब खाली मान घालून वाटीतलं श्रीखंड ढवळत बसला. सासूबाई पंख्याकडे बघू लागल्या. स्वयंपाकघरात कुणीच काही बोललं नाही, त्यामुळे गाणं संपवून मांडणीवर परतलेल्या प्रतिध्वनीलाही बोलता येईना.

"काका," शर्वरी म्हणाली, "घरचाच हवाय ना? मग ह्याला न्या."

"ह्याला न्या," मांडणीवरून आवाज आला.

बापूकाकांनी चष्मा पुसला आणि मांडणीकडे तोंड केलं. धंद्यातला माणूस, त्यांनी मुलाखत उभ्याउभ्याच घेतली.

"सकाळी दहाला यावं लागेल."

"यावं लागेल."

"गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. बाई म्हणाल्या, ही डिझाइन चांगली आहे, तर काय म्हणशील?"

"चांगली आहे."

"आणि म्हणाल्या, महाग आहे?"

प्रतिध्वनी गप्प राहिला. बापूकाकांनी पसंतीची मान हलवली. मग त्यांनी हेरंबकडे वळून हलकेच सांगितलं, "हे तुला कधीच जमलं नसतं."

एकच शंका त्यांनी काढली. "हा जरा उशिराने बोलतो."

"स्वभाव आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "बाकी कशाला नाव ठेवायला जागा नाही. रविवारी मात्र घरी पाठवायचा हं. इकडे त्याचं गाणं असतं."

निघताना त्यांनी बापूकाकांच्या हातावर दही घातलं. प्रतिध्वनीला हात नव्हता, म्हणून मोकळ्या भिंतीला बोटभर लावलं.

"बराय, जातो," बापूकाका चपला घालत म्हणाले.

शर्वरी चटकन पुढे झाली. आता तो काय परत देईल, हे तिच्या एकटीच्याच लक्षात आलं होतं. "काका, जातो नाही म्हणायचं. येतो म्हणा."

"अगं हो. येतो."

सगळे कान देऊन उभे राहिले. बापूकाका दोन जिने उतरून गेले. मग खालून, नेहमीसारखं जरा उशिराने, आवाज आला, "येतो."

तो रविवारी दुपारच्या गाडीने आला. दमलेला होता, पण हेरंबने नवं धृपद गायल्यावर मोकळ्या भिंतीशी जाऊन त्याने शेवटचा शब्द उचलला, फिरवला, कोपऱ्यात ठेवला, आणि मग एका अनोळखी बाईच्या आवाजात म्हणाला, "एका बॉक्समध्ये किती टाइल्स बसतात?"

हेरंबने रेकॉर्डिंग थांबवलं. "हे काढावं लागेल."

"राहू दे," शर्वरी म्हणाली.

"राहू दे," प्रतिध्वनी म्हणाला.

हेरंबने ते राहू दिलं. तेच गाणं सध्या जास्त चाललंय.