शेवटचं प्रकरण लिफ्टमध्ये

आत्याची हार्ड डिस्क पालथी झोपवली तरच चालायची. सरळ ठेवली की आतून टक, टक असा आवाज यायचा आणि कॉम्प्युटर सांगायचा, मला काही जोडलेलंच नाही. म्हणून ती पालथी, तिच्याखाली दोन खोडरबर, आणि पाठीवर गार पाण्यात बुडवून पुसलेली स्टीलची वाटी, कारण तिला ताप यायचा. असली वस्तू दुसऱ्या कुणीही खिडकीतून भिरकावून दिली असती. आत्याला ते शक्य नव्हतं. डिस्कच्या पोटात तिचे अकरा महिने होते.

आत्या, म्हणजे सगळ्या इमारतीचीच आत्या, अंध वाचकांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचायची. यावेळी तिने दीपगृहावरची नऊशे पानांची कादंबरी घेतली होती. एकेचाळीस प्रकरणं, बासष्ट तासांचा आवाज. कपड्यांच्या कपाटात स्टुलावर बसून, दार ओढून, पंखा नाही, दिवा एवढासा. पान उलटायची तर मांजरसुद्धा लाजेल इतकं हळू. वाक्याच्या मध्ये शेजारच्याचा हॉर्न आला की न चिडता तेच वाक्य पुन्हा, तितक्याच प्रेमाने. अकरा महिने माणूस कपाटात बसला तर वेडा होतो. आत्या बाहेर यायची, घाम पुसायची आणि म्हणायची, "आज धाकट्या भावाने मोठ्याला दार उघडलं नाही. मला इतका राग आला ना त्याचा."

दुसरी प्रत होती. ती ज्या डिस्कवर होती ती डिस्क मागच्याच महिन्यात वारली.

आणि आज वाचनालयाची शेवटची तारीख होती. समितीत काही जणांचं म्हणणं पडलं होतं की माणसं फार वेळ लावतात, त्यापेक्षा मशीनच्या आवाजात पुस्तक करून घेऊ, दोन दिवसांत काम. संध्याकाळी पाच वाजता बैठक होती. तोवर आत्याचं वाचन पोचलं नाही, तर ही कादंबरी मशीन वाचणार होतं. वाचनालयाचे अध्यक्ष स्वतः चार वाजता डिस्क न्यायला येणार होते. त्यांनी पाठवलेली नवीकोरी डिस्क शेजारीच होती. जुन्या डिस्कमधून नवीत सगळं भरायचं, एवढंच काम. सकाळी अकराला आत्याने ते सुरू केलं. कॉम्प्युटर म्हणाला, चार तास. दोन मिनिटांनी म्हणाला, पन्नास मिनिटं. मग म्हणाला, एकवीस दिवस.

"हा काय ज्योतिषी आहे का?" आत्याचा भाऊ म्हणाला. सगळी इमारत त्याला दादा म्हणायची. "ठरव की बाबा एकदा काय ते."

"दादा, टेबलाला हात लावू नकोस."

"कुठे लावला? नुसता टेकवला."

टुंग. हिरवी पट्टी गायब. डिस्क झोपली. तिला परत जागं करायला पंधरा मिनिटं लागली.

आत्याने मग टेबलाचा नादच सोडला. जमिनीवर सतरंजी अंथरली आणि त्यावर कॉम्प्युटर, दोन्ही डिस्क, खोडरबर, वाटी असा संसार मांडला. दहा प्रकरणं नीट गेली. अकराव्याला वहिनीने आत वॉशिंग मशीन लावलं. मशीन फिरायला लागलं, फरशी थरथरली, टुंग. यावेळी अर्धा तास.

"मला आधी सांगायचं ना!" वहिनी म्हणाली. "आता हे भिजलेले कपडे काय करू?"

"भिजू देत."

"तुमच्या भावाचा ऑफिसचा शर्ट आहे त्यात."

"मग तर भिजूच देत," आत्या म्हणाली.

तिसऱ्या वेळी मात्र कुणीच काही केलं नव्हतं. दादा कोपऱ्यात मांडी घालून बसलेला, वहिनी हातात ओला शर्ट घेऊन पुतळ्यासारखी उभी, तरी टुंग. यावेळी तब्बल पन्नास मिनिटं. आत्या भिंतीला कान लावून उभी राहिली. भिंतीच्या पलीकडे लिफ्ट होती. ती चौथ्या मजल्यावरून जाताना एक हिसका द्यायची, आणि तो हिसका भिंतीतून, फरशीतून, सतरंजीतून थेट डिस्कच्या पोटात जायचा. तीन वेळा पडून उठलेली डिस्क चौथ्यांदा उठेल असं आत्याला वाटत नव्हतं.

ती चपला न घालताच खाली सेक्रेटरींकडे गेली. इमारतीच्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या ते कमरेला लावून फिरायचे, त्यामुळे ते येतात हे दोन मजले आधी कळायचं.

"लिफ्ट बंद करायची? दीड तास? कारण काय लिहू?"

"लिहा, चौथ्या मजल्यावर शांततेची गरज आहे."

"असं कारण रजिस्टरात नाही. देखभाल, बिघाड, आग, एवढीच आहेत."

"देखभाल लिहा. एका गोष्टीची देखभालच करतेय मी."

सेक्रेटरी हसले. आत्याला नाही म्हणणारा माणूस त्या इमारतीत नव्हता. त्यांच्या आईला डोळ्यांच्या ऑपरेशननंतर महिनाभर रोज पेपर कुणी वाचून दाखवला होता, हे ते विसरले नव्हते. त्यांनी लगेच मीटरच्या खोलीत जाऊन खटका खाली ओढला. लिफ्टमध्ये कोणी आहे का हे बघायचं मात्र राहून गेलं.

आत्या जिना चढून चौथ्यावर पोचते तोच ओरडणं सुरू झालं. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. जाळीतून पाहिलं तर दोन डोकी नेमकी फरशीच्या पातळीला. एक टक्कल, ते पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं. दुसरं पांढऱ्या केसांचं, काळ्या चष्म्याचं आणि अगदी शांत.

"उघडा!" डॉक्टर ओरडले. "मला बंद जागा चालत नाही! वर माझा पेशंट खुर्चीत आहे, त्याला भुलीचं इंजेक्शन देऊन मी पाच मिनिटांसाठी खाली आलो होतो!"

सेक्रेटरी किल्ल्या वाजवत धावत वर आले. "अरे देवा. करू का चालू?"

घरातून दादा ओरडला, "अठ्ठ्याहत्तर टक्के! कुणी हलू नका!"

आत्याने एकदा घराच्या दाराकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, "चालू करा लिफ्ट. माणसं अडकलीत."

"थांबा," काळ्या चष्म्याचे गृहस्थ म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर टक्के कशाचे?"

"एक डिस्क भरतेय. लिफ्ट हलली की ती बंद पडते. पण राहू दे ते."

"दीपगृहाच्या कादंबरीची?"

आत्या गुडघ्यांवर खाली बसली. "तुम्ही?"

"मी अध्यक्ष. तीच डिस्क न्यायला आलोय. चारला बोलावलं होतंत, पण ज्याला दिसत नाही तो माणूस तासभर आधीच निघतो. आणि आणखी एक सांगतो बाई, मशीनला द्या असं समितीत म्हणणारा मीच. तरी अकरा महिन्यांचं काम माझ्यामुळे बुडू देणार नाही. लिफ्ट बंद राहू द्या."

"आणि माझं काय?" डॉक्टर म्हणाले. "इथे अंधार आहे!"

"असं होय," अध्यक्ष म्हणाले. "मला सांगायचं तरी."

डॉक्टरांना हसू आलं नाही. त्यांनी जाळी दोन्ही हातांनी धरली होती आणि कपाळावरून घाम टपकत होता. रोज दहा जणांना "काही होणार नाही, मोठ्ठा आ करा" म्हणणारा माणूस स्वतःच आ करून श्वास घेत होता.

आत्या उठली. सेक्रेटरींना वाटलं, आता ही खटका वर करायला लावणार. पण ती घरात जाऊन कादंबरी घेऊन आली आणि जाळीपाशी फरशीवर बसली.

"डॉक्टर, माझ्याकडे बघा. मी पाच पानं वाचते. पाच पानांनंतर तुम्ही नुसतं हूं म्हणालात तरी लिफ्ट चालू. डिस्क मेली तरी चालेल. कबूल?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"शेवटचं प्रकरण वाचा," अध्यक्ष म्हणाले. "बाकीची डिस्कवर ऐकीन."

आत्याने वाचायला सुरुवात केली. कपाटात ती वाचायची ते सुंदरच होतं, पण इथे समोर एक घाबरलेला माणूस होता, आणि ती त्याच्याचसाठी वाचत होती. दीपगृहावर वादळ. दिवा फिरवणारं यंत्र मोडलेलं. एकोणीस वर्षं न बोललेले दोन भाऊ, आणि दिवा रात्रभर हातांनी फिरवायचा.

"का नाही बोलत ते?" डॉक्टर मध्येच म्हणाले.

"ते नवव्या प्रकरणात आहे. धाकट्याने खोटी साक्ष दिली."

"हरामखोर! मग मोठ्याने त्याला वर घेतलाच कशाला?"

"ऐकाल तर कळेल ना."

"ऐका हो," अध्यक्ष म्हणाले.

पाच पानं झाली. आत्या थांबली. डॉक्टर म्हणाले, "थांबलात का? दोरी तुटली ना आत्ता, पुढे काय झालं?"

पुढे धाकट्याचे हात सोलले, मोठ्याने स्वतःचा सदरा फाडला. सेक्रेटरी पायरीवर बसले होते आणि किल्ल्यांचा आवाज होऊ नये म्हणून जुडगा मुठीत धरून होते. वहिनी ओला शर्ट पिळायचा विसरून दारात उभी होती, आणि त्याचं पाणी तिच्याच पायांवर ठिबकत होतं. वरून तोंड सुन्न झालेला पेशंट भिंतीला धरून उतरला आणि म्हणाला, "दॉकथर, अदून किथी वेल?" त्याला चौघांनी एकदम श्श केलं. तोही बसला.

घरात दादा एकटा होता. डिस्कवर नजर ठेव, श्वास हळू घे, एवढंच त्याला सांगितलं होतं. पण दार उघडं होतं आणि बहिणीचा आवाज येत होता. वाऱ्यावर निम्मी वाक्यं उडून जायची. म्हणून तो बसल्या बसल्या दाराकडे थोडा सरकला. मग आणखी थोडा. उठायचं नाही हे त्याने कसोशीने पाळलं. फक्त तो सतरंजीवर बसला होता, आणि त्याच्याबरोबर सतरंजीही सरकत होती, आणि सतरंजीवर आत्याचा संसार होता. भिंतीत खोचलेली वायर ताणली, ताणली, आणि नेमकं मोठा भाऊ एकोणीस वर्षांनी पहिला शब्द बोलला तेव्हा कॉम्प्युटर कलंडला. वाटी खणखणत बाहेरपर्यंत आली.

टुंग.

आत्याने ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. तिने डॉक्टरांकडे पाहिलं आणि उरलेलं दीड पान तशाच आवाजात वाचून संपवलं. पुस्तक मिटलं. मग आत गेली.

"मी उठलो नव्हतो," दादा म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "आईशप्पथ, उठलो नव्हतो गं."

जुनी डिस्क टक, टक, टक करत होती. पालथी केली, उताणी केली, वाटी ठेवली. मग टकटकही थांबली. नव्या डिस्कवर चाळीस प्रकरणं नीट उतरली होती. एकेचाळिसावं नव्हतं.

लिफ्ट चालू झाली. डॉक्टर बाहेर आले तेच डोळे पुसत, आणि ते भीतीने नव्हे. साडेतीन वाजून गेले होते. तासाभराचं प्रकरण कपाटात बसून पुन्हा वाचायचं, तपासायचं, भरायचं आणि पाचला पोचवायचं, हे जमण्यातलं नव्हतं. शेवट नसलेली कादंबरी समिती घेणार नव्हती.

"किती राहिलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"शेवटचं. आत्ता वाचलं तेवढंच."

अध्यक्षांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि काडेपेटीएवढा रेकॉर्डर बाहेर काढला. त्याचा लाल दिवा चालू होता. "घराबाहेर पडलो की हा चालूच असतो माझा. कोण काय बोललं ते मी लिहून घेऊ शकत नाही, आणि आमची ही म्हणते मी सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतो." त्यांनी बटण दाबलं. आत्याचा आवाज आला, लिफ्टच्या विहिरीत घुमून आलेला, खोल, दीपगृहाच्या आतून आल्यासारखा. आणि त्यात डॉक्टरांचं "हरामखोर!", लख्ख.

"हे कसं द्यायचं?" आत्या म्हणाली. "यात ही सगळी बडबड आहे."

"आहे तर आहे. मी देतो. बैठकीत उत्तरं मलाच द्यायचीत."

पाचला बैठक झाली. अध्यक्षांनी आधी नमुना म्हणून मशीनकडून करून घेतलेलं तेच प्रकरण ऐकवलं. समितीतले दोघे पेंगले. मग लिफ्टमधलं लावलं. दोरी तुटली तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. मशीनचा विषय तिथेच संपला.

त्या कादंबरीला वाचनालयात आजही रांग आहे. आत्याकडे आता तीन डिस्क आहेत, तिन्ही सरळ झोपणाऱ्या. तिला वाटलं होतं, पुढचं पुस्तक तरी शांतपणे कपाटात बसून वाचता येईल. पण श्रोत्यांची पत्रं आली. वाचन उत्तम, शेवटचं प्रकरण तर अप्रतिम, फक्त ते घाबरट गृहस्थ पहिल्या चाळीस प्रकरणांत का नाहीत?

तेव्हापासून मंगळवारी दुपारी डॉक्टरांचा दवाखाना बंद असतो आणि कपाटात दोन स्टुलं असतात. दार मात्र थोडं किलकिलं ठेवावं लागतं. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या सुरुवातीला अध्यक्ष स्वतःच्या आवाजात सांगतात, "वाचन, चौथ्या मजल्यावरच्या बाई. शंका, पाचव्या मजल्यावरचे डॉक्टर."