आणखी एक व्यक्ती

‘घरगुती वापरास सुरक्षित’ असा शिक्का मारणारे साहेब, तुम्ही ते यंत्र एकदाही स्वतःच्या डोळ्यांवर चढवलं नाहीत आणि शिक्का मात्र मारलात. हा आरोप आहे, विनंती अर्ज नाही. फाइलीत दडपायच्या आधी वाचा.

कपडे शिवणाऱ्या एका बाईंची लेक मालवाहू जहाजावर नोकरीला होती. सात महिने नुसता फोनवर आवाज. मग लेकीने आईला व्हीआर हेडसेट धाडला. तसलाच एक तिच्याकडेही होता. दोघींनी ती डबडी डोळ्यांवर बांधली की समोरासमोर बसल्यागत दिसणार. जहाजावरचं नेट तिच्या वाट्याला फक्त रविवारी पाच ते सहा.

पाचला दहा कमी असताना बाईंनी डबडं चढवलं. आतून गोड आवाज आला, "खोलीत आणखी तीन व्यक्ती आहेत. कृपया त्यांना बाहेर पाठवा. तोवर सुरू करता येणार नाही."

"अहो, तुम्हाला तीन म्हणतंय हे!"

"वजन वाढलंय माझं, पण इतकं?"

नवरा वायरमन. बिघाड म्हटला की त्याला चेव यायचा. त्याची नजर कोपऱ्यातल्या मापाच्या पुतळ्यावर गेली. "ही बघ एक सापडली!" म्हणत त्याने पुतळा काखोटीला मारला आणि जिन्यात नेऊन उभा केला. खालून येणारी शेजारीण किंचाळली आणि पिशवी टाकून परत खाली पळाली.

"आणखी दोन व्यक्ती आहेत."

"आता तुम्हीही निघा."

तो निघाला. दार लोटलं.

"धन्यवाद. आणखी एक व्यक्ती आहे."

बाईंनी डबडं काढून पाहिलं. शिलाई मशीन, खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ. पाच वाजून चार मिनिटं.

वायरमनने जिन्यातूनच कंपनीला फोन लावला. "अहो ताई, आम्ही घरात दोघंच असतो."

"तसं तुम्हाला वाटत असेल, काका. यंत्राला माणूस बरोबर कळतो. त्यांना नीट सांगून बघा ना."

बाईंनी पुन्हा डबडं चढवलं, घसा खाकरला. "जरा बाहेर जाता का? माझी लेक भेटणार आहे. तासाभराने या परत."

"अगं, परत कशाला बोलावतेस?" नवरा दाराबाहेरून ओरडला.

"धन्यवाद," आवाज म्हणाला. "ती व्यक्ती बसली आहे."

मशीनपुढची खुर्ची करकरली.

बाईंनी डबडं मशीनवर टाकलं आणि अनवाणीच जिना गाठला. कंपनीने फोन होल्डवर टाकला आणि पुढचा पाऊण तास त्यावर सनई वाजत राहिली. पायरीवर मध्ये पुतळा, दोन्ही बाजूंना ही दोघं.

"सात महिन्यांनी एक तास मिळाला होता हो," बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. वायरमनने धीर द्यायला पाठीवरून हात फिरवला. बऱ्याच वेळाने त्याला कळलं, पाठ पुतळ्याची होती.

सहा वाजता सनई थांबली. "काका, तुमची तक्रार बंद करतेय. तुमच्या घरून आत्ताच पाच तारे आलेत. पाचपैकी पाच."

"कोणी दिले?"

"ज्यांनी वापरलं त्यांनीच." फोन कट.

लगेच लेकीचा निरोप वाजला. "आई, किती बरं वाटलं गं! तासभर बघत बसले तुला. पण काय हे, बोललीस कमी आणि शिवतच होतीस. तो झगा माझ्या मापाचा ना? एकच बाही राहिलीय. पुढच्या रविवारी माझ्यासमोरच लाव. आणि तुझा हात एवढा गार कसा गं?"

दोघं आत गेली. मशीनवर एक झगा होता. लेकीच्या मापाचा, एका बाहीचा. सुई अजून गरम होती.

वायरमन म्हणतो, डबडं परत करू. बाई ऐकत नाहीत. लेक पुढच्या रविवारी पाचला पुन्हा यायचीय, आणि तिला भेटायचं तर वाट त्या डबड्यातूनच.

तेव्हा शिक्केवाले साहेब, रविवारच्या आत लेखी कळवा. पाच वाजता खोलीतून बाहेर कोणी जायचं?