टीव्हीची पाठ

सगुणा आन् मी मिळून केल्यालं शेवटचं काम म्हंजी पौडावरनं टीव्हीचा खोका घरी आणला. जीपमधी जागा न्हवती. मागच्या बाकड्यावर आमी नवराबायको, आन् खोका आडवा, दोघांच्या मांडीवर. धरणाच्या कडंचा रस्ता सगळा वळणाचा. वळण आलं की खोका माझ्याकडं सरकायचा, पुढच्या वळणाला तिच्याकडं. मी म्हणायचो, "धर." ती म्हणायची, "धरा." घर येईस्तोवर आमचं यवढंच बोलणं झालं. कारण थोड्या येळापूर्वी दुकानात मी तिला चार माणसांत येडी म्हणलो व्हतो.

आठव्या दिवशी ती गेली. दुपारची तांदूळ निवडत बसली व्हती. सूप मांडीवर तसंच ऱ्हायलं.

माणसं जात्यात. आमची वयंबी झाल्याली. त्याचं मला समजतंय. पण चार माणसांत टाकल्याला शब्द मी माघारी घेतला न्हवता. आता घ्यायचा तर कुणाम्होरं घ्यायचा, हेच मला कळंना. ते सांगतोच. पण आधी ती बाई कशी व्हती ते सांगाय पायजे, न्हाईतर तुमीबी तिला येडीच म्हणाल.

सगुणाचा डोळ्यांवर इस्वास न्हवता. कानांवर तर त्याहून न्हाई. सगळा इस्वास उजव्या हाताच्या तळव्यावर. कायबी म्होरं आलं की म्हणायची, "थांबा, हाताला इचारते." आन् तळवा टेकवायची. पीठ असू दे, भांडं असू दे, न्हाईतर जावळ काढल्यालं पोराचं डोस्कं असू दे.

शेळी घ्यायची तर दुनिया दात बघती, कास बघती. ही शेळीच्या पोटाखाली हात घालून डोळं मिटून उभी ऱ्हायची. बाजारातला दलाल वैतागायचा. "मावशे, आटप की. शेळीला लाज वाटाय लागली."

"गप रं. हात बोलतोय."

अशी हाताला इचारून घेतल्याली एक शेळी वांझ निघाली. मी म्हणलं, आता बोल. तर म्हणती, "हातानं सांगितलं व्हतं वो. मीच ऐकलं न्हाई."

आमच्या दत्तूसाठी पोरगी बघाय गेलो तवाची गोष्ट. पोहं झालं, च्या झाला. पोरीला नाव इचारावं, शिक्षण इचारावं, ही रीत. हिनं पोरीचा हात हातात घेतला तो सोडंचना. पोरीला घाम फुटला. व्याही माझ्याकडं बघाय लागलं, मी छताकडं. शेवटाला म्हणली, "ऊब हाय. पोरगी आपली." झालं लगीन. आता दत्तू आन् सून तिकडं जांब्याला राहत्यात, त्याच्या कंपनीजवळ. सून मला अजून सांगती, "मामा, मी सासूला कधी भ्याले न्हाई, त्या हाताला भ्याले."

माझी छाती पहिल्यापासनं कच्ची. पावसात खाचरात चार दिस उभा ऱ्हायलो की घुंगरावाणी वाजती. एकदा दवाखान्यात नर्सबाईनं थर्मामीटर लावला, म्हणली ताप न्हाई. हिनं माझ्या मानंवर हात ठिवला. "हाय. बारीक हाय. पुन्यांदा लावा." पुन्यांदा लावला, निघाला. नर्सबाई म्हणली, "आजी, तुमीच बसा माझ्या खुर्चीत." ही बसली की खरंच. मागच्या बाईला म्हणती, "हं, म्होरं या."

तर अशी बाई. आता टीव्हीचं.

दत्तूला नोकरी लागल्यावर त्यानं पहिल्या झूट एक टीव्ही आणला व्हता. जुन्या पद्धतीचा, मागं पोक आल्याला. त्यात बातम्या देणारा बाप्या आला की सगुणा डोक्यावर पदर घ्यायची. तो म्हणला "नमस्कार", की ही म्हणायची, "नमस्कार. बसा."

"अगं, त्याला तू दिसत न्हाईस."

"त्याला मी दिसत न्हाई. मला त्यो दिसतोय ना?"

पण टीव्ही बघायची म्हणावं, तर तेबी न्हाई. पावसाळ्याचं चार म्हैनं आमच्याकडं ऊन असं न्हाईच. त्या चार म्हैन्यांत टीव्ही सकाळपासनं चालू, आन् ही आत भांडी घासतीया. मी खाचरात जाताना वरडायचो, परत येतानाबी वरडायचो. "कोण बघतंय गं त्यो? बंद कर! धरण शेजारी हाय म्हणून वीज फुकट मिळती व्हय?"

"कोण बघत नसलं तर त्यो बघतोय आपल्याला. असू द्या."

मी येऊन खाटंवर बसायचो. मी म्होरनं बघणारा माणूस. टीव्हीच्या मागं काय असतंय ते बघायचं मला कधी काम पडलं न्हाई.

यंदाच्या आखाडात टीव्ही फट करून बसला. मेकॅनिकनं मागनं उघडला आन् म्हणला, "बाबा, ह्यात पाणी गेलंय."

पाणी! दत्तूनं स्लॅबचं घर बांधलं त्याला दहा वर्सं झाली न्हाईत. मी डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आन् शिडी लावून स्लॅबवर गेलो. भर पावसात भेग हुडकत गुडघ्यावर रांगत व्हतो. खालनं सगुणा शिडी धरून वरडतीया, "उतरा, छाती भरंल!"

"गळती सापडल्याबिगर उतरत न्हाई."

"गळती न्हाई वो घराला!"

"तुला काय म्हाईत?"

त्यावर तिनं शिडी आणिक घट्ट धरली. गळती सापडली न्हाई. छाती मातूर भरली.

दत्तूनं फोनवर सांगितलं, "आबा, आता चपटा घ्या. मोठा घ्या. कुटला आवडतोय ते बघून या." तवा आमी पौडच्या दुकानात गेलो. एकदा न्हाई, तीनदा.

भिंतभर टीव्ही. सगळ्यांत एकच मासा. ह्या टोकाच्या टीव्हीत शेपटी हलवतोय, त्या टोकाच्या टीव्हीतबी हलवतोय. मला काय, सगळंच आवडलं. माझं म्हणणं यवढंच की कुस्ती लावली तर पैलवान पैलवानायवढा दिसाय पायजे. सगुणानं माशाकडं बघितलंबी न्हाई. ती सरळ मधल्या टेबलावर मांडल्याल्या टीव्हीच्या मागं गेली.

दुकानाचा शेठ पन्नाशीचा, चष्मा गळ्यात. बोलायला गोड माणूस. "आजी, चित्र पुढून दिसतं."

"ठाव हाय मला. मला पाठ बघायचीय. थांबा, हाताला इचारते." तिनं तळवा टेकवला. "गारच हाय की."

"आत्ताच लावलाय ना, आजी."

"मग तापू द्या. मी बसते."

शेठनं स्टूल दिलं. पाऊण तास ती त्या टीव्हीच्या मागं भिंतीकडं तोंड करून बसली. मधनं मधनं हात लावायची. शेवटाला उठली. "न्हाई तापत ह्यो."

"अहो, तापत नाही हीच तर ह्याची खुबी! वीज कमी खातो."

"मग त्याचा उपेग काय?"

शेठनं माझ्याकडं बघितलं. ती म्हणली, "आन् वर काय ठिवायला जागाबी न्हाई. इळीच्या पात्यावाणी हाय नुसता. दुसरा दावा."

दुसरा दावला, तिसरा दावला. सगळं गार. दुसऱ्या खेपंला तसंच. मी इचारायचो, "अगं, तापाय कशाला पायजे? भाकऱ्या भाजतीयास का त्याच्यावर?" तर म्हणायची, "हाय माझं काम." यवढंच. काय काम, ते न्हाई.

तिसऱ्या खेपंला दुकानात गर्दी व्हती. एक जोडपं फ्रीज बघत व्हतं, आणिक दोघं-तिघं. सगुणा एका मोठ्या टीव्हीच्या मागं हात लावून डोळं मिटून उभी. त्या फ्रीजवाल्यानं बायकोला म्हणलं, पण आमाला ऐकू येईल असं, "आजी टीव्हीला मालीश करतायत वाटतं." सगळी हसली. शेठबी हसला, तोंडावर हात धरून.

मला राग आला त्या माणसाचा. काढला हिच्यावर. "येडी झालीयास का गं? म्हशीवाणी पाठ काय चाचपतीयास? चार माणसांत लाज काढली माझी!"

तिनं हात काढला आन् पदरात गुंडाळला. म्हणली, "तुमास्नी आवडंल त्यो घ्या."

मी घेतला. पैलवान पैलवानायवढा दिसणारा.

दुसऱ्या दिवशी माणूस येऊन भिंतीला ठोकून गेला. संध्याकाळी बातम्या लावल्या. सगुणानं पदर घेतला आन् खाली बसली. तो बाप्या आता लईच मोठा दिसत व्हता. मी म्हणलो, "बघ, कसा दिसतोय!"

"चांगला हाय," ती म्हणली.

पंचेचाळीस वर्सं संसार केला. हात लावल्याबिगर तिनं कशाला चांगलं म्हणल्यालं मी ऐकलं न्हवतं. त्या आठ दिसांत "हाताला इचारते" हे बोल घरात एकदाबी आलं न्हाईत. भाजीवाल्याकडनं भोपळा घेतला तोबी नुसता बघून. मला कळत व्हतं. मी म्हणत व्हतो, निवळंल. बायकांचा राग काय, निवळतो. आन् सरळ बोलायचं तर मला "चुकलो" म्हणायची सवय न्हाई. ते शिकायचं मी उद्यावर टाकत गेलो.

तेरावं झालं. दत्तू म्हणला, "आबा, जांब्याला चला." मी म्हणलो, न्हाई. मंडळी आपापल्या घरी गेली.

मग माझं सुरू झालं. सकाळी दांडीवरची बंडी घालाय घ्यावी तर ओली. दुसऱ्या दिवशी घ्यावी, ओली. तशीच घालायची. छाती वाजाय लागली. मला वाटलं, यंदा पाऊस जास्ती हाय.

आमच्या शेजारी हमीदाबी राहती, किराणा दुकानवाल्या उस्मानभाईची बायको. तिची आन् सगुणाची दुपारची बैठक. ती मला भाकरी-कालवण घेऊन आली. मी खोकत व्हतो. म्हणलं, "वैनी, यंदा पाऊस लई. बंडीच वाळंना."

हमीदाबीनं ताट खाली ठिवलं. "भाऊ, पाऊस दरवर्सीयवढाच हाय."

"मग?"

"तुमाला खरंच ठाव न्हाई?"

मग तिनं सांगितलं. पहिल्या घरी चूल व्हती, चुलीवर दांडी व्हती, कपडं वाळायचं. नव्या घरी गॅस आला, चूल मोडली. चार म्हैनं ऊन न्हाई, घरात ऊब म्हणून कुटं न्हाई. सगुणानं घरभर हात लावून बघितला. एक टीव्हीची पाठ तेवढी ऊन लागली. तवापासनं माझी बंडी पिळून त्या पाठीवर. म्हणून टीव्ही दिवसभर चालू. मी यायच्या आत काढायची, घडी घालायची आन् दांडीवर टाकायची, जणू दांडीवरच वाळली.

"एक डाव घाईत नीट पिळायची ऱ्हायली," हमीदाबी म्हणली. "पाणी आत गेलं. तुमी त्या पावसात स्लॅबवर चढला, त्या सांजंला माझ्याकडं येऊन रडली बिचारी."

"मला का न्हाई सांगितलं तिनं?"

"सांगून तुमी ऐकलं असतं? 'मला काय धाड भरलीया, ओली घालतो,' म्हणला असता. वर वीज जाळती म्हणून आणिक वरडला असता."

हे खरं व्हतं. मी मान खाली घातली. मग इचारलं, "दुकानातलं सांगितलं का तिनं तुमाला?"

"दुकानातलं? दुकानातलं काय?"

म्हंजी बंडीचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, रडली तीबी हिच्याच घरी जाऊन. मी काय बोललो तेवढं पोटात ठिवलं. माझी लाज झाकली तिनं. मी तिची झाकली न्हाई.

भाकरी मी खाल्ली, कारण हमीदाबी समोर बसून व्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं पौडला गेलो. दुकान उघडायचं व्हतं. पायरीवर बसलो. शेठ आला, शटर वर केलं, मला बघून म्हणला, "काय बाबा? टीव्ही बिघडला का?"

"टीव्ही चांगला हाय."

"मग?"

"मला बोलायचंय. पण गिऱ्हाईक येऊ द्या. चार माणसं तरी येऊ द्या."

शेठनं स्टूल दिलं. मी बसलो. एक बाई मिक्सर घेऊन आली, दुरुस्तीला. दोन भाऊ आलं टीव्ही बघायला. मग एक मास्तर आलं. मी उठलो. ग्रामसभेत मी कधी उठून बोललो न्हाई, माझ्या पोराच्या लग्नातबी न्हाई.

"म्हैन्याभरामागं मी हितं माझ्या बायकोला येडी म्हणलो," मी म्हणलो. "ती येडी न्हवती."

भिंतीवरचं सगळं टीव्ही मोठ्या आवाजात चालू व्हतं. मिक्सरवाल्या बाईनं शेजारच्याला इचारलं, "काय म्हणतायत ते?"

शेठनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर घातला. रिमोट घेतला, आन् ह्या टोकापासनं त्या टोकापातूर एकेका टीव्हीचा आवाज बंद करत गेला. दुकान गप झालं.

मग मी पहिल्यापासनं सांगाय लागलो.