पुरणयंत्राची जाळी

माझ्या थोरल्या भावाकडे चहा प्यायचा, तर आधी सही करावी लागते. कप आईचे. आई गेली आणि मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून दादाचं नाव निघालं. वाटणी होईपर्यंत आईचा चमचासुद्धा त्याच्या जबाबदारीवर. म्हणून गाझियाबादच्या त्याच्या फ्लॅटमध्ये, जिथे आईही राहायची, प्रत्येक कपाच्या कानाला चिठ्ठी लटकते : 'कप, क्रमांक बारा. वापर तात्पुरता.'

दादा केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झाला, असं फक्त पेन्शनवाल्यांना वाटतं. एकदा मी शिंकले, तर म्हणाला, "नोंद घेतली."

आम्ही तिघं. दादा, नोएडाची मी आणि गुडगावचा धाकटा विनू. घर आणि दागिने दादाने इतके चोख वाटले, की भांडायला जागाच ठेवली नाही. मग आम्ही पुरणयंत्रावरून भांडलो. विनूला ते हवं होतं, कारण त्याच्या बायकोला हवं होतं. मला हवं होतं, कारण विनूच्या बायकोला हवं होतं. तेव्हा मी साठीची अल्लड मुलगी. आयुष्यात एकदा पुरण वाटलं, तेही मिक्सरवर. त्या पोळ्या शेजारणीने "पराठा थोड़ा कड़क है, पर अच्छा है" म्हणत कशाबशा संपवल्या. तरी 'आईची आठवण' म्हणताना माझा गळा असा दाटून यायचा, की माझं मलाच कौतुक वाटायचं.

दादा मात्र निकाल देईना. यंत्राची जाळी सापडत नव्हती, आणि आईने लिहून ठेवलं होतं, मोडकं-अपुरं कुणाच्या गळ्यात मारू नका. "अपुरी वस्तू वाटता येत नाही. शोध चालू आहे," दादा म्हणाला. त्या शोधासाठी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठक. हजेरी सक्तीची. वहिनी आईच्याही आधी गेलेली, मुलगी कॅनडात; स्वयंपाक दादा एकटाच करायचा. मटारची उसळ, विनूसाठी जास्त खोबरं घालून. माझ्यासाठी बिनमिरचीची वेगळी. जेवून आम्ही दोघं पलंगाखाली वाकायचो आणि एक्झिक्युटर खुर्चीतून देखरेख करायचे.

वर्षभराने माझं डोकं फिरलं. पर्समध्ये वकिलाची नोटीस घालून गेले. आज यंत्र, नाहीतर कोर्ट. विनूला दारातच सांगितलं. तो कानात म्हणाला, "ताई, यार, चहा झाल्यावर दे." म्हटलं, बिल्कुल, आणि चहा टाकायला आत गेले.

साखर संपली होती, म्हणून मागचा डबा उघडला. आत जाळी. मऊ फडक्यात गुंडाळलेली, गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवलेली. आईच्या वस्तूंमध्ये तेवढी एकच बिनचिठ्ठीची.

आधी असा संताप आला, की चहा उतू गेला. बाहेर दादा विनूला विचारत होता, पुढच्या महिन्यात भरली वांगी चालतील का. आई होती तेव्हा मी या घरी कितीदा यायचे, ते आठवून पाहिलं. दिवाळीला. तेही रस्ता मोकळा असला तर.

जाळी होती तशी गुंडाळली, झाकण लावलं, कप बाहेर नेले.

"दादा, स्वयंपाकघर सगळं बघितलं. नाही मिळाली. पुढच्या वेळी माळा बघू."

दादाने चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वही ओढली. "नोंद घेतली."

याला सात वर्षं झाली. माळा दोनदा झाला. नोटिशीच्या पाठीवर नातीने मांजर काढलंय.

गेल्या रविवारी मी चहाला उठले, तेव्हा विनू पलंगाखाली होता. दादाने हळूच जवळ बोलावलं.

"सुमे, आत जातेच आहेस, तर जरा तेलाचा हात फिरव. मला ते झाकण आता उघडत नाही."