अकरा बाया, एक साडी

रहांगडाले काकाजी फोटो काढायला निघाले की गळ्यात कॅमेरा आणि लुनाच्या हँडलला पिशवी. पिशवीत एक जांभळी साडी. बाई कोणत्याही गावची असो, काकाजींचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"हे नेस. पाहुणी दिसली पायजे."

गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारात त्यांचा जुना फोटो स्टुडिओ, शेजारी माझं कॉम्प्युटरचं दुकान. एक संस्था आमच्याकडच्या गरजू बायांचे फोटो आणि कहाण्या इंटरनेटवर टाकायची. परदेशातले लोक ते पाहून थोडेथोडे पैसे उसने द्यायचे, बाई धंदा करून फेडायची. फोटो काकाजींचे, इंग्रजी कहाणी माझी. माझ्या कहाणीत झाडून सगळ्यांचे नवरे दारुडे. त्यातल्या एका बिचाऱ्यानं जन्मात चहासुद्धा घेतला नव्हता.

संस्थेचे साहेब गोंदियाचे. म्हणायचे, "काकाजी, थोडा गरीब दिखना चाहिए."

"गरीब हाय तं हाय. दिसाले कायले पायजे?"

साहेब माझ्याकडे बघायचे, मी छताकडे.

मग सुशीलाची पाळी आली. दुसऱ्याच्या भट्टीवर मुरमुरे भाजता भाजता तिचे हात कोपरापर्यंत काळवंडले होते. दिवाळीआधी तिला स्वतःची भट्टी हवी होती. जांभळी साडी नेसून ती ताठ बसली, फोटो गेला, आणि पैशांऐवजी प्रश्न आला. परदेशातल्या कुण्या बाईनं हिशेब लावला होता: बाया अकरा, साडी एक. ही एकच बाई अकरा वेळा कर्ज घेते आहे का?

साहेब जीप घेऊन धावत आले. "साडी हटाओ. जैसी है वैसी फोटो लाओ, नहीं तो इसका लोन गया समझो."

सुशीला स्टुडिओच्या दारातच उभी होती. अंगावरची साडी खांद्यावर फाटलेली, तिथं गाठ मारलेली.

काकाजी पिशवी सोडेनात. शेवटी तीच म्हणाली, "काढा जी काकाजी. मले भट्टी पायजे. पाहुणी कायले होऊ?"

काकाजींनी फोटो काढला. मी कहाणीत दोन उपास वाढवले. तीन दिवसांत पैसे जमले. "क्या फोटो है," साहेब फोनवर म्हणाले, आणि खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

त्याच आनंदात मी स्टुडिओत गेलो. काकाजी साडीची घडी घालत होते.

"काकाजी, साडीले आता पेन्शन द्या. काकीजीची होती काय?"

"तिच्यासाठीच घेतलो होतो. माझा फोटो काढा, म्हणे. मी म्हणो, चांगली साडी येऊ दे. साडी आली, तं लग्नाच्या ऑर्डरी होत्या. घरची बाई, कधीबी काढता येते, म्हणत राहिलो."

मी भिंतीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत तालुक्यातले नवरानवरी. काकीजी जाऊन किती वर्षं झाली होती, आणि तिचा चेहरा मला आठवेना.

"काकीजी नेसली होती काय कधी?"

"नाही ना बाप्पा. घडी मोडली ते पहिल्या फोटोवाल्या बाईनं. पदर सारखा करून बसली, अन् मले वाटलं..."

काकाजींनी साडी पिशवीत घातली, पिशवी माझ्या हातात दिली.

"सुशीलाले देऊन ये. भट्टीवर नेसू नोको म्हण."